वादळामागे धावताना गाडीत टिकणारं नेट: काय बसवावं?

ढगवेडा

नमस्कार मंडळी. मुक्काम विचिटा, कॅन्सस. मे महिना लागला की आम्ही तिघंचौघं सुपरसेलच्या (स्वतःभोवती फिरणाऱ्या प्रचंड वादळी ढगांच्या) मागे निघतो. हे खूळ इथे आणखी काही जणांना आहे हे जुन्या धाग्यांवरून कळलंय, म्हणून इथेच विचारतो.

घरून निघताना नेट झकास असतं. महामार्ग सोडून टेक्सास पॅनहँडलात शिरलं किंवा डॉज सिटीच्या पश्चिमेला गेलं, की फोनवर दोन काड्या दिसतात पण रडारचं चित्र काही उतरत नाही. चक्र फिरत राहतं. आणि हे नेमकं वादळ रंगात आलं की!

हवंय काय, तर रडार, स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचे नकाशे, दुसऱ्या गाडीतल्या मित्राशी बोलणं, आणि स्पॉटर नेटवर्कवर (वादळ बघणाऱ्यांच्या जागा दाखवणाऱ्या नकाशावर) आपली जागा जात राहणं. लाईव्ह व्हिडिओ करायचा नाही. डोक्यात तीन गोष्टी घोळतायत: टपावर अँटेना लावून दोन सिमांचा राउटर, नाहीतर सिग्नल बुस्टर, नाहीतर स्टारलिंक मिनी (उपग्रहावरून नेट देणारी छोटी डिश). गाडी जुनी मिनीव्हॅन. बजेट सगळं धरून आठशे डॉलर. बायको हा धागा वाचते, त्यामुळे आकडा वाढवायला सांगू नका.

टवाळखोर

टॉर्नेडोचा भोंगा वाजला की सगळी दुनिया तळघरात पळते. हे त्याच्या मागे पळतात आणि वर म्हणतात रेंज येत नाही. धन्य आहात. जागा पकडून बसलोय.

अँटेनाकाका

ढगवेडा, आधी त्या काड्यांकडे बघणं सोडा. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा आपल्या मर्जीने ठरवतो. फोनचा फील्ड टेस्टचा पडदा उघडून दोन आकडे बघा: आरएसआरपी (सिग्नल किती जोरकस) आणि एसआयएनआर (गोंगाटापेक्षा सिग्नल किती वर). आरएसआरपी उणे ९०च्या आसपास असेल तर मजा आहे, उणे ११०ला धाकधूक, उणे १२०ला राम म्हणा. पण एसआयएनआर शून्याच्या बराच खाली गेला असेल तर आरएसआरपी कितीही देखणा असो, चित्र उतरणार नाही. तुमच्या 'दोन काड्या पण डेटा नाही' यामागे बहुतेक वेळा हेच असतं, नाहीतर टॉवरवरची गर्दी.

आता बुस्टर. सगळ्या कंपन्यांना चालणारा, गाडीत वापरायचा बुस्टर एफसीसीच्या (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या) नियमाने जास्तीत जास्त ५० डेसिबल गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, देऊ शकतो. ऐकायला जबरदस्त. पण तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, आणि सगळं एकाच अँटेनातून, एकाच वाटेने आत आणतो. एलटीई आणि ५जीचा वेग मायमोवर उभा आहे, तोच इथे मारला जातो. त्यामुळे सिग्नल बरा असताना बुस्टर लावला तर डेटा उलट मंदावतो. जिथे काहीच पोचत नाही तिथे मात्र तो जीव आणतो. फोन लागतो, मेसेज जातो. शिवाय बाहेरची आणि आतली अँटेना जवळ आल्या की तो स्वतःचाच आवाज ऐकून किंचाळायला लागतो आणि मग आपणहून गेन पाडतो किंवा बंद पडतो. घेतलात तर तुमच्या मोबाइल कंपनीकडे त्याची नोंदणी करा, नियम आहे.

माझं मत सरळ आहे. राउटर आत, टपाच्या मध्यभागी मायमो अँटेना, मध्ये जमेल तितकी आखूड केबल. केबलवर लोक पैसे वाचवतात. लोहचुंबकवाल्या स्वस्त अँटेनांना बारीक आरजी-१७४ केबल जोडलेली असते. ९०० मेगाहर्ट्झला तिच्या तीन मीटरमध्ये साधारण ३ डेसिबल जातात, म्हणजे अर्धा सिग्नल तारेतच संपला. तिच्याहून जाड एलएमआर-१९५ त्याच लांबीत जेमतेम एक खाते.

शंकासुर

काका, मायमो म्हणजे काय ते जरा इस्कटून सांगा की.

अँटेनाकाका

टॉवर एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन किंवा चार वेगळे प्रवाह सोडतो. इकडे तेवढ्याच अँटेना असतील तर राउटर गणित करून ते एकमेकांपासून सोडवतो. अँटेना एकच असेल तर एकच प्रवाह. सिग्नल अगदी मरायला टेकला तर प्रवाह एकच उरतो, पण तेव्हाही दोन अँटेना असल्याचा फायदा होतो, कारण एकीच्या जागी लहर दबली तरी दुसरीच्या जागी दबलेली नसते. धावत्या गाडीत हे क्षणाक्षणाला बदलत असतं.

पावसाळी

ओक्लाहोमातल्या नॉर्मनमध्ये राहते, स्कायवॉर्नचं (हवामान खात्याच्या स्वयंसेवक निरीक्षकांचं) प्रशिक्षण झालेलं आहे, म्हणून जरा आगाऊपणा करते. काका, तुमचं सगळं मान्य. पण ढगवेडांना डेटा लागतो किती, हे कोणी विचारलंच नाही!

रडारस्कोपसारख्या अ‍ॅपमध्ये एका रडारचं, सगळ्यात खालच्या कोनाचं लेव्हल थ्री (आटोपशीर, तयार) चित्र काही डझन किलोबाइटचं असतं. ५० केबी धरा. कंपनीने 'तुमचा कोटा संपला' म्हणून १२८ केबीपीएसवर आणून आपटलं तरी ते तीन-चार सेकंदांत उतरतं. लेव्हल टूचा पूर्ण व्हॉल्यूम (सगळ्या कोनांचा सविस्तर डेटा) मात्र काही मेगाबाइटचा. आणि लोक शेताच्या कडेला उभे राहून टीव्ही चॅनेलच्या वेबसाइटवर, जाहिरातींसकट, अख्ख्या देशाचा हलता नकाशा उघडतात आणि मग नेटला शिव्या घालतात. आधी हे करा: एकच रडार, लेव्हल थ्री, लूप पाच-सहा फ्रेमचा. फोटोंचा बॅकअप बंद, अ‍ॅप अपडेट बंद, लॅपटॉप नेला तर विंडोजला कनेक्शन मीटर्ड (मोजून मिळणारं) आहे असं सांगून ठेवा, नाहीतर तो ऐन वेळी अपडेट ओढत बसतो. रस्त्यांचे नकाशे घरीच ऑफलाइन उतरवून घ्या. याला आठशे सोडा, आठ डॉलरही लागत नाहीत.

तुम्हाला वेग नकोय, सातत्य हवंय. पाच एमबीपीएस मिळून दर दोन मिनिटांनी तुटणारं नेट आणि अर्धा एमबीपीएस पण न तुटणारं, यात मी डोळे झाकून दुसरं घेईन.

आणि एक. नेट आलं म्हणजे चित्र ताजं, असं नाही. पावसाच्या मोडमध्ये रडारला सगळे कोन फिरवून यायला साडेचार-पाच मिनिटं लागतात. सेल्स नावाच्या पद्धतीत सगळ्यात खालचा कोन मधे मधे पुन्हा तपासतात, त्यामुळे तेवढा लवकर येतो. बाकी कोन जुनेच. ताशी ४० मैलांनी पळणारं वादळ पाच मिनिटांत सव्वातीन मैल पुढे गेलेलं असतं. अनेक रडारं जोडून केलेल्या मोझेकचं तर आणखी वाईट. त्यावर २०१२मध्ये एनटीएसबीने (अमेरिकेच्या वाहतूक-अपघात तपास संस्थेने) वैमानिकांना इशारा दिला होता, की पडद्यावर जे वय दिसतं त्यापेक्षा चित्र १५-२० मिनिटांनी जुनं असू शकतं. कोपऱ्यातली स्कॅनची वेळ वाचायची सवय लावा. चित्र आलं कधी ते नाही, रडारने घेतलं कधी ते.

३१ मे २०१३चा ओक्लाहोमातल्या एल रेनोचा टॉर्नेडो आठवा. २.६ मैल रुंद झाला, आधी आग्नेयेकडे चालला होता तो ईशान्येला वळला आणि वेग वाढवला. टॉर्नेडोचे अभ्यासक टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग त्यात गेले, आणि या क्षेत्रात त्यांच्याइतकी सावध माणसं मोजकीच होती. असा बदल दोन स्कॅनच्या मधल्या वेळात होतो. तो कुठल्याही राउटरला पकडता येत नाही.

निवांत

पावसाळी, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

गारपीट

सगळे अँटेनाच्या मागे लागलेत म्हणून मी दुसऱ्या बाजूने. कोलोरॅडोत राहतो, पाठलाग पूर्व कोलोरॅडो ते नेब्रास्का. काका, टपावर तुम्ही सोन्याची अँटेना लावा, टॉवरच नसेल तर ती काय ओढून आणणार? नेब्रास्कातल्या सँडहिल्समध्ये मैलोनमैल काही नाही. वाळूच्या टेकड्या, गवत आणि गाई. टेकडीच्या खोलगट बाजूला उतरलं की आहे तो सिग्नलही जातो. तिथे स्टारलिंक मिनी शिवाय दुसरं काही चालताना मी पाहिलेलं नाही. धावत्या गाडीत वापरायला एफसीसीने २०२२मध्येच परवानगी दिली आहे. मिनीला वेगळा राउटर लागत नाही, वजन किलोभर, थेट १२ व्होल्टवर चालते. मी लाईव्ह व्हिडिओ करतो, तोही निघतो.

पावसाळी

गारपीट, सँडहिल्सबद्दल एकशे एक टक्के सहमत. पण जिथे तुम्हाला नेट सगळ्यात जास्त हवं असतं तिथेच ती डिश मान टाकते, हेही सांगा ना. केयू बँड, दहा गिगाहर्ट्झच्या वर. मुसळधार पाऊस आणि ओल्या गारांचा थर मध्ये आला की सिग्नल शोषला जातो.

आणि दिशाही बघा. आपल्या अक्षांशावर त्यांचे बरेचसे उपग्रह उत्तरेकडे जास्त दाट असतात, कारण ५३ अंशांनी कललेल्या कक्षा ५३ अक्षांशाजवळ गर्दी करतात. म्हणून डिश उत्तरेचं आकाश जास्त वापरते. आपण उभे कुठे असतो? ईशान्येला जाणाऱ्या सुपरसेलच्या आग्नेयेला. म्हणजे पावसाचा आणि गारांचा गाभा आपल्या वायव्येला-उत्तरेला. नेमकं वादळच मध्ये!

गारपीट

हो, पण गाभ्याच्या आत शिरलो तरच पूर्ण जातं. लांबून, म्हणजे पाच-सात मैलांवरून, अधूनमधून काही सेकंद गचके बसतात, रडारला काही फरक पडत नाही. आणि गाभ्यात शिरायचंच कशाला? तिथे नेट गेलं हा सगळ्यात छोटा प्रश्न असतो.

लावताना एकच सांगतो. ती काचेच्या आतून, डॅशबोर्डवर ठेवून चालते असं बरेच जण सांगतात. काचेवर धातूचा पातळ थर असेल तर अजिबात चालत नाही. उन्हात डॅशवर ती तापून बंद पडते ते वेगळंच. टपावर, सपाट, आणि गारा मोठ्या दिसायला लागल्या तर उतरवून आत घेता येईल अशी.

सौ. ढगवेडा

मीच ती बायको. आठशे हा आकडा माझा नाही, मी पाचशे म्हणाले होते.

गाडीत फोन माझ्या हातात असतो, म्हणून मला काय दिसतं ते सांगते. दुपारी चारच्या उन्हात फोन डॅशवरच्या स्टँडला लावला की पंधरा मिनिटांत तापतो. आधी पडदा मंद होतो, मग चार्जिंग थांबतं, आणि नंतर नेटही रडतखडत चालतं. एसीच्या झडपेसमोर धरला की ताळ्यावर येतो. हे म्हणतात 'रेंज गेली', मी म्हणते 'फोन उकळला'. दुसरं, हॉटस्पॉट चालू, चार्जिंग चालू, वर जीपीएस चालू, हे सगळं एकाच फोनवर का टाकता? आणि दोघांचे फोन एकाच कंपनीचे आहेत, हे त्यांनी धाग्यात लिहिलेलंच नाही.

टवाळखोर

ढगवेडा, धागा डिलीट करायचं बटण उजवीकडे वर असतं.

अँटेनाकाका

वहिनींनी मुद्द्याला हात घातला. फक्त दोन सिम घेऊन भागत नाही. व्हिजिबल घेतलंत तर ते व्हेरायझनचंच नेटवर्क, मिंट म्हणजे टी-मोबाइल, क्रिकेट म्हणजे एटी अँड टी. दोन वेगळी नावं आणि खाली एकच टॉवर असं करू नका. ग्रामीण भागात लांब पोचतात ते खालचे बँड: टी-मोबाइलचा ६०० मेगाहर्ट्झचा ७१, व्हेरायझनचा ७०० मेगाहर्ट्झचा १३, एटी अँड टीचे १२ आणि १४. राउटर घेताना हे सगळे त्यात आहेत ना ते कागदावर तपासा. एफसीसीच्या ब्रॉडबँड नकाशावर तुमचे जिल्हे बघून मग दोन कंपन्या निवडा, पण तो नकाशा गणिती मॉडेलवरून रंगवलेला आहे, हे ध्यानात ठेवा.

आणि फोन अंधुक ५जीला चिकटून बसतो आणि सोडत नाही तेव्हा सेटिंगमधून नुसत्या एलटीईवर आणून बघा. माळरानावर पुष्कळदा तेच जास्त टिकतं.

शंकासुर

एक काडी टाकतो. टॉवर मंदावतो कोणामुळे? तुमच्यामुळेच ना? दोन-तीन हजार वस्तीचं गाव, त्याला एक टॉवर, आणि वादळाच्या दिवशी गावाबाहेर शेदोनशे गाड्या उभ्या, त्यातल्या निम्म्या व्हिडिओ वर ढकलतायत. जत्रेच्या दिवशी गावच्या विहिरीवर पाहुण्यांनी पोहरे लावावेत तसं. गावातल्या बाईला मुलाला फोन लावायचा असेल तर?

गारपीट

शंकासुर, आमच्यातल्या काहींच्या थेट चित्रणावरून हवामान खात्याचे लोक इशारे पक्के करतात, हेही लिहा. नुसत्या रडारवरून टॉर्नेडो जमिनीला टेकलाय की नाही हे दर वेळी कळत नाही. रडारपासून १०० मैलांवर सगळ्यात खालचा किरणही जमिनीपासून तीनेक किलोमीटर उंच असतो. त्याखाली काय चाललंय ते बघायला माणूसच लागतो.

शंकासुर

'काहींच्या' हा शब्द चांगला वापरलात. बाकीचे?

पावसाळी

दोघंही थोडे थोडे बरोबर आहात. धोक्याचे वायरलेस इमर्जन्सी अलर्ट सेल ब्रॉडकास्टने जातात. टॉवर एकदाच ओरडतो, सगळे फोन ऐकतात, त्यामुळे गर्दीने ते अडत नाहीत. पण साधा फोन आणि डेटा अडतो, हे खरं. माझ्यापुरतं मी ठरवलंय की वादळ गावाजवळ असेल तर व्हिडिओ रेकॉर्ड करायचा, वर नंतर टाकायचा. चार ओळींचा स्पॉटर रिपोर्ट कुठल्याही टॉवरला जड नाही, आणि खात्याला खरा उपयोग त्याचाच होतो.

निवांत

गर्दीवरून आठवलं. त्या गर्दीत कोणाचा डेटा आधी जाणार हे प्लॅनवरही ठरतं. स्वस्त प्लॅन आणि हॉटस्पॉटचा डेटा पुष्कळदा मागच्या रांगेत असतो. मोकळ्या टॉवरवर फरक जाणवत नाही, तुंबलेल्या टॉवरवर तुमचं चाक फिरत राहतं आणि शेजारच्या गाडीतला मस्त रडार बघत असतो. राउटरमध्ये सिम टाकणार असाल तर तो प्लॅन राउटरसाठी चालतो का आणि प्राधान्य कुठलं आहे, हे आधी विचारून घ्या.

बारा_व्होल्ट

सगळे हवेतल्या लहरींवर बोलतायत. माझ्या पाहण्यात निम्मी नेटं तारेत मरतात.

लायटर सॉकेटमध्ये राउटर लावू नका. खडबडीत मातीच्या रस्त्यावर, जिथे पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात, तो प्लग हळूहळू बाहेर सरकतो. अर्धवट टेकलेला असतो, दिवा लागतो-विझतो, राउटर रिबूट होत राहतो, आणि तुम्ही टॉवरला दोष देता. थेट बॅटरीवरून वेगळी लाईन ओढा आणि फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत बसवा. लांब बसवलात तर मधली तार गाडीच्या पत्र्याला घासली की तिला वाचवणारं कोणी नाही.

गाडी सुरू करताना स्टार्टर इतका करंट ओढतो की व्होल्टेज दहाच्या आसपास खाली येतं. गाडीसाठी बनवलेले राउटर ९ ते ३६ व्होल्ट घेतात, त्यांना फरक पडत नाही. घरगुती राउटर तेवढ्यात रिबूट होतो आणि मग नेटवर्क शोधत बसतो. वादळ वळलं म्हणून गाडी घाईने काढायची आणि नेमकी तीच दोन मिनिटं नेट नाही. चांगल्या राउटरला इग्निशनची वेगळी तार असते. गाडी बंद केल्यावर किती वेळ चालू राहायचं ते त्यात ठरवता येतं.

इन्व्हर्टर नको. १२ व्होल्ट डीसीचं १२० एसी करायचं आणि अडॅप्टरने पुन्हा १२ डीसी करायचं, मध्ये नुसती उष्णता. स्टारलिंक मिनी १२ ते ४८ व्होल्ट डीसी घेते आणि साधारण २५ ते ४० वॅट खाते. १२ व्होल्टला म्हणजे तीन अँपियरच्या आसपास. तार बारीक आणि लांब असेल तर पलीकडे १२ पोचतच नाहीत आणि ती चालू होता होता बंद पडते. त्यामुळे १४ गेज किंवा त्याहून जाड.

ढगवेडा

सगळ्यांचे खूप आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बारा_व्होल्ट, प्लगचं वाचून उठून गाडीत जाऊन बघून आलो. हलतोय.

सगळंच बंद पडलं तर काय करता? मित्राच्या गाडीशी तरी बोलता आलं पाहिजे.

अँटेनाकाका

हॅम लायसन्स (हौशी रेडिओचा परवाना) काढा. टेक्निशियनची परीक्षा ३५ प्रश्नांची, २६ बरोबर आले की पास. प्रश्नसंच आधीच जाहीर असतो. एफसीसीची फी ३५ डॉलर. दोन मीटरच्या बँडवर गाडी ते गाडी सिम्प्लेक्स, म्हणजे थेट, टॉवरची भानगड नाही. मैदानात ५० वॅटचा मोबाइल सेट आणि टपावर बरी अँटेना असली तर बरंच लांब बोलता येतं. १४४.३९० मेगाहर्ट्झवर एपीआरएस या रेडिओ पद्धतीने आपली जागाही पाठवता येते. बरेच स्थानिक स्कायवॉर्न गट रिपीटरवरच (ऐकलेलं पुन्हा लांबवर पाठवणाऱ्या केंद्रावरच) चालतात, त्यामुळे कानावरही बरंच पडतं.

पावसाळी

आणि हवामान खात्याचा रेडिओ. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ, सात वाहिन्या, एका केंद्राचा पल्ला साधारण ४० मैल. नेटशी काही संबंध नाही. बहुतेक हॅम सेटवर तो ऐकूही येतो, वेगळा घ्यायची गरज नाही.

बाकी नेट गेलं तर आमचा नियम ठरलेला आहे. ढगाचा बुडखा दिसत असेल आणि दक्षिणेला किंवा पूर्वेला पळायला डांबरी रस्ता असेल तरच थांबायचं. पावसाने बुडखा झाकला आणि चित्र दहा मिनिटांहून जुनं झालं, की चर्चा न करता दक्षिणेला. ओक्लाहोमात मैलामैलावर रस्ते आहेत, पण त्यातले कित्येक लाल मातीचे. ओले झाले की मिनीव्हॅन जागच्या जागी गोल फिरते. छापील रस्त्यांचा ॲटलस सीटच्या खिशात ठेवा. त्यात डांबरी कुठला आणि मातीचा कुठला ते वेगळं दाखवलेलं असतं.

निवांत

आणि चालकाच्या समोर पडदा नको. टेक्सासमध्ये स्पर गावाजवळ मार्च २०१७मध्ये तीन चेजर गेले ते टॉर्नेडोने नाही, चौकातल्या धडकेत. थांब्याची पाटी ओलांडून गाडी पुढे गेली होती. तुम्ही कितीही भारी राउटर बसवा, रडार शेजारच्या सीटवर.

सौ. ढगवेडा

हे मी छापून स्टिअरिंगवर चिकटवणार आहे.

टवाळखोर

म्हणजे तेवढं वाचायला पुन्हा खाली बघणार ते.

ढगवेडा

हाहा. ऐका, मी काय ठरवतोय ते. वापरलेला ९-३६ व्होल्टवाला राउटर, दोन वेगळ्या नेटवर्कची सिमं, टपावर बुटकी मायमो अँटेना, बॅटरीवरून वेगळी लाईन. बुस्टर रद्द. स्टारलिंक सध्या नाही, नेब्रास्काचा बेत ठरला तर मित्राची मागून घेईन. हॅमचा अभ्यास सुरू. रडार लेव्हल थ्रीवर आणलंय, त्यातच फरक कळतोय. पाचशे-आठशेच्या मध्ये कुठेतरी बसतंय, मांडवली चालू आहे.

एक अडलंय. टपाला भोक पाडायचं नाही. मग केबल आत कुठून घेऊ?

गारपीट

मित्राची डिश घेतलीत तर तिच्यावर महिनाभरासाठी रोम (फिरतीचा) प्लॅन चालू करून नंतर बंद करता येतो, तेही बघा. 

बारा_व्होल्ट

मागच्या दाराच्या रबरातून घ्या. बाजूच्या सरकत्या दारातून नको, दर वेळी दार सरकताना केबल चेपते. कोएक्स (अँटेनाची केबल) चेपली की बाहेरून काही दिसत नाही, आत सिग्नल गेलेला असतो. मागच्या दाराच्या वरच्या बिजागरीजवळ रबर मऊ असतं, तिथून घाला, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली लोंबता वळसा ठेवा म्हणजे पाणी त्या वळशावरून गळून पडेल, केबल धरून आत येणार नाही. वळणाचा घेर बोटभर तरी ठेवा, काटकोनात मोडू नका.

शंकासुर

आणि अँटेना चुंबकाने चिकटवली तर ७० मैलांच्या वाऱ्यात उडणार नाही का?

अँटेनाकाका

बुटकी असेल तर सहसा नाही. लांब काडीवाली असेल तर आडवी झोपते आणि सिग्नल खाते. पण टप आधी पुसून घ्या, धूळ किंवा चिखल राहिला की चुंबकाची पकड जाते आणि रंगावर ओरखडे उठतात. आणि टप पोलादाचाच आहे ना तेही चुंबक लावून बघा. ॲल्युमिनियमचा निघाला तर कंस बोल्टने बसवावा लागेल.

ढगवेडा

चिकटला. फ्यूज किती अँपियरचा घेऊ?

बारा_व्होल्ट

राउटर एकटाच असेल तर ५. पुढे त्याच लाईनवर मिनी चढवणार असाल तर तार १४ गेजची ओढा आणि फ्यूज १०चा. दोन जास्तीचे घेऊन ग्लव्ह बॉक्समध्ये टाका.